उभी राहिलेली गाडी आणि तिचा कार्बोरेटर

आपल्या नागपुरात पुष्कळ अंगणांत एखादी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी असते. घरचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, गाडी इथेच राहिली. वडील थकले, त्यांची गाडी कोणी चालवीना. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा तर गल्लोगल्ली गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत.

मग एक दिवस गाडीची गरज पडते. कुणाला दूध पोचवायचे असते, कुणाला पहाटे कॉटन मार्केट गाठायचे असते, कुणाला रात्री आजारी माणूस मेडिकलला न्यायचा असतो. नेमकी त्याच वेळी गाडी रुसते. “गुरुजी, काहून सुरू होत नाही जी ही? किक मारू मारू पाय दुखला, पण ढिम्म!” अशी तक्रार आमच्या कानी नेहमी येते.

अशा वेळी बहुतेक लोक म्हणतात, “इंजिन बसलं असेल.” कोणी सांगतो, “कार्बोरेटर गेला, नवा टाका.” आमचे सांगणे असे की घाई करू नका. उभ्या गाडीचा कार्बोरेटर सहसा मोडलेला नसतो. तो फक्त तुंबलेला असतो. गटार तुंबले म्हणून कोणी घर पाडत नाही. तुंबलेले मोकळे करायचे असते. ते कसे करायचे आणि त्यात जिवाला धोका कोठे आहे, हे या पाठात पाहू.

कार्बोरेटर काय काम करतो?

नुसते पेट्रोल इंजिनात ओतले तर इंजिन चालत नाही. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि तीही बेताची. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर धूर होतो, कमी झाले तर गाडी आचके देते. हे प्रमाण सांभाळणे आणि पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळणे, हे कार्बोरेटरचे काम.

हे कसे घडते ते घरी करून पाहता येते. पेल्यात काठोकाठ पाणी घ्या. शीतपेयाच्या नळीचा बोटभर तुकडा पाण्यात उभा धरा, वरचे टोक पाण्याच्या थोडे वर राहू द्या. आता दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी, जोराची फुंकर मारा. पाणी नळीतून वर चढते आणि फवारा उडतो! हवा वेगाने वाहते तेथे तिचा दाब कमी होतो, म्हणून खालचे पाणी वर ढकलले जाते. पूर्वी डास मारायचा हातपंप असे, तो याच तत्त्वावर चाले.

कार्बोरेटरात हेच होते. इंजिन हवा ओढून घेते. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते. गळ्याच्या खाली पेट्रोलची छोटी वाटी असते. वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर येते आणि हवेत उडते. पितळेच्या ज्या छोट्या तुकड्यात हे छिद्र असते त्याला जेट म्हणतात. बहुधा दोन जेट असतात. लहान जेट गाडी उभ्याने हळू चालत असताना पेट्रोल देतो. मोठा जेट रेस दिल्यावर कामाला येतो.

वाटीत पेट्रोल किती राहावे, हे फ्लोट ठरवतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल-कॉक असतो ना, तसाच हा. पेट्रोल चढले की फ्लोट वर तरंगतो आणि एक छोटी सुई वर ढकलतो. सुईने भोक बंद होते आणि टाकीतून येणारे पेट्रोल थांबते. पेट्रोल उतरले की सुई खाली येते, वाट पुन्हा उघडते.

थोडा इतिहास

मोटारीच्या पहिल्या दिवसांपासून पेट्रोल तुंबण्याचा त्रास आहे. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटार बनवली होती. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली. दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे 100 किलोमीटर, माहेरी गेल्या. तेव्हा पेट्रोलपंप कोठले? वाटेत त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीला लावायची लांब टाचणी काढून त्यांनी ती मोकळी केली आणि गाडी पुढे नेली. यंत्राचे काम बाईमाणसाचे नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

फवारा उडवणारा कार्बोरेटर मात्र त्यानंतरचा. तो 1893 मध्ये विल्हेल्म मायबाख या जर्मन कारागिराने बनवला. पुढे शंभर वर्षे जगभरच्या गाड्या अशाच कार्बोरेटरवर चालल्या. आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, 1961 मध्ये म्हैसूरला जावाचा कारखाना उघडला, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली. या सगळ्यांत कार्बोरेटर होता. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नियम कडक झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, त्या जागी विजेवर चालणारी पिचकारी असते. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हा पाठ तिला लागू नाही. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर पुष्कळ आहेत, आणि गरिबाच्या घरी बहुधा जुनीच गाडी असते.

उभ्या गाडीत तो का तुंबतो?

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात हलके आणि जड असे अनेक द्रव मिसळलेले असतात. गाडी उभी राहिली की वाटीतले हलके द्रव उडून जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, नवतप्यात पत्र्याखाली उभी गाडी तव्यासारखी तापते. तेव्हा हे काम झपाट्याने होते. मागे उरलेला भाग हवेशी मिळून घट्ट होतो. आधी तेलकट, मग चिकट, शेवटी डिंकासारखा पिवळा-तपकिरी थर. तो जेटच्या छिद्रात बसतो.

छिद्र ते केवढे! शंभर सीसीच्या गाडीत लहान जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. डोक्याचे चार-पाच केस एकत्र धरले तर जेवढे होतील, जवळजवळ तेवढेच. ते बुजायला कितीसा डिंक लागणार?

दुसरे कारण पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. 2025 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि पाणी फार झाले, तर पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीचा पत्रा गंजतो, गंजाचे कण खाली येतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरातल्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण विसरलो नाही. अशा पुरात बुडालेल्या गाडीला तर किक मारूच नये. इंजिनात पाणी गेलेले असू शकते. ती आधी मिस्त्रीला दाखवावी.

आधी खात्री, मग पाना

दोष कार्बोरेटरचाच आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर आजार पोटाचा आणि औषध डोळ्याचे, असे होते.

इंजिनात तेल आहे का पाहा. एअर फिल्टर उघडून पाहा. उंदराने त्यात चिंध्या भरल्या असतील, कुंभारमाशीने मातीचे घर केले असेल. मग कॉकखालची नळी काढून डब्यात धरा आणि कॉक क्षणभर उघडा. पेट्रोल धारेने यायला हवे. थेंब थेंब आले तर कॉकची जाळी तुंबली आहे. आधी धार लागून मग थांबली, तर टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बंद असेल. धार नीट असेल तर नळी परत जोडा.

यानंतर कॉक उघडा ठेवून आठ-दहा किक मारा आणि प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, दोष बहुधा ठिणगीचा आहे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. चोक ओढून गाडी सुरू होते आणि चोक सोडला की मरते, हे लहान जेट तुंबल्याचे लक्षण. खालच्या नळीतून पेट्रोल गळत राहते, हे फ्लोटची सुई अडकल्याचे लक्षण.

धोका ओळखा

पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ जास्त घातकी. ती डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. चार पावलांवरच्या चुलीलाही ती गाठते. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत करावे. खोलीत नको, स्वयंपाकघराजवळ नको. विडी, काडी, देवापुढचा दिवा, सगळे दूर ठेवावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये. इंजिन थंड असावे. बादलीभर कोरडी वाळू हाताशी ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. नळीला तोंड लावून पेट्रोल कधीही ओढू नये. ते घशात गेले की फुफ्फुसात उतरते आणि माणूस दगावू शकतो. वाचवलेल्या पैशांपेक्षा जीव मोठा आहे.

खोलायची रीत

जवळ कागद-पेन्सिल ठेवा. तुम्ही आता वाचायला-लिहायला शिकलात, त्याचा येथे उपयोग होतो. कोणता भाग कोठून निघाला, ते लिहीत चला. निघालेले भाग स्वच्छ ताटात, निघाल्या क्रमाने मांडा.

1. कॉक बंद करा. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. बाटली पाच मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. लाल-तपकिरी कण दिसले तर तो गंज. म्हणजे टाकीही साफ करावी लागणार.

2. पेट्रोलची नळी काढा. वरचे झाकण फिरवून रेसच्या तारेसह स्लाइड अलगद बाहेर काढा. तिला लोंबणारी लांब सुई वाकू देऊ नका. मग दोन्ही बाजूंचे नट-बोल्ट सोडवून कार्बोरेटर उतरवा. बाहेरची धूळ ब्रशने झाडून टाका. काही गाड्यांत वर पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला तर नवा घ्यावा लागतो, म्हणून जपा.

3. वाटीचे स्क्रू काढा. त्यांची डोकी मऊ असतात, म्हणून बरोबर मापाचा पेचकस लावा. वाटी चिकटली असेल तर पेचकस खुपसू नका, लाकडी मुठीने हलकेच ठोका. फ्लोटची पिन सरकवून फ्लोट आणि सुई बाहेर घ्या. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो फुटला आहे.

4. जेट काढण्यापूर्वी त्यावरचा आकडा वाचून लिहून घ्या. काही कंपन्यांच्या जेटवर 38 असेल तर त्याचा अर्थ छिद्र 0.38 मिलिमीटरचे. एका गाडीचा जेट दुसऱ्या गाडीला चालेलच असे नाही.

5. बाजूला हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा छोटा स्क्रू असतो. तो आधी हलक्या हाताने आत फिरवा आणि किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजा. दीड, दोन, जो आकडा येईल तो लिहा. मग काढा. टेकल्यावर जोर केला तर त्याचे टोक बिघडते. काही गाड्यांत या स्क्रूवर टोपी बसवलेली असते. तिला हात लावू नका.

साफ करायची रीत

बाजारात कार्बोरेटर साफ करायचा फवारा मिळतो. डोळ्यांना चष्मा लावून तो धातूच्या प्रत्येक छिद्रात मारा. रबर आणि प्लास्टिकचे भाग मात्र त्यापासून दूर ठेवा, त्याने ते फुगतात. फवारा नसेल तर ताज्या पेट्रोलमध्ये धातूचे भाग चार-पाच तास बुडवून, भांडे झाकून ठेवा. मग जुन्या दातब्रशने घासा. शेवटी सायकलच्या पंपाने किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेने प्रत्येक वाट फुंकून काढा. एका भोकातून मारलेली हवा दुसऱ्यातून बाहेर यायला हवी.

जेट उजेडाकडे धरा. छिद्रातून गोल, स्वच्छ प्रकाश दिसला की काम झाले. चंद्र अर्धा दिसला तर पुन्हा भिजवा.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. जेटमध्ये टाचणी, शिवायची सुई किंवा पोलादी तार घालू नका. तुम्ही म्हणाल, त्या जर्मन बाईंनी तर टाचणीच वापरली! त्यांनी ती इंधनाच्या वाटेतली घाण काढायला वापरली. येथे छिद्राचे माप केसासारखे नेमके ठरवलेले असते. पितळ मऊ, पोलाद कठीण. एक ओरखडा पडला की छिद्र मोठे होते, गाडी पेट्रोल जास्त पिते आणि धूर सोडते. मग ती कितीही साफ करा, सुधारत नाही. फारच अडले तर विजेच्या टाकाऊ वायरीतला तांब्याचा एकच बारीक धागा अलगद घाला. तांबे पितळेपेक्षा मऊ असते, ते जेटला खरवडत नाही. कार्बोरेटर उभा राहून खराब होतो त्यापेक्षा घाईच्या हाताने जास्त खराब होतो.

परत जोडताना

काढले त्याच्या उलट क्रमाने जोडा. कागद समोर ठेवा. जेट पेचकसाने टेकेपर्यंतच आवळा. पितळेचे आटे चटकन मरतात. फ्लोटच्या सुईच्या टोकावर खाच पडली असेल तर नवी सुई घाला. तिला पैसे फार लागत नाहीत, पण गळणारे पेट्रोल गाडी पेटवू शकते. वाटीचे रबर कडक झाले असेल तर तेही बदला. प्रमाणाचा स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर आणा. स्लाइडवरची खाच आतल्या खुणेवर नीट बसली पाहिजे. बसवल्यावर रेस देऊन सोडा. स्लाइड ‘टक्‌’ असा आवाज करून खाली आली पाहिजे. ती वरच अडकली तर गाडी सुरू होताच सुसाट धावेल. हे पाहिल्याशिवाय किक मारू नये.

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. ते गटारात किंवा नाल्यात ओतू नका. आपल्या नाग नदीचे आधीच पुरेसे हाल झाले आहेत. शिवाय गटारात वाफ साचून भडका होऊ शकतो. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. टाकी व कॉकची जाळी धुऊन ताजे पेट्रोल घाला. कॉक उघडून पाच मिनिटे थांबा आणि खाली बोट फिरवून पाहा. कोठे ओल नाही, तर चोक ओढा आणि किक मारा. वाटी भरायला वेळ लागतो, म्हणून चार-सहा किक जास्त लागतील. गाडी सुरू झाली की ती उघड्यावरच तापू द्या. तिचा धूर बंद जागेत विषारी ठरतो.

एवढे करूनही सुरू झाली नाही तर मिस्त्रीकडे जा. त्यात कमीपणा नाही. पण जाताना आपण काय काय पाहिले ते सांगा: “पेट्रोल धारेने येते, प्लग कोरडा आहे, जेट साफ केला.” जाणत्या गिऱ्हाईकाला कोणी सहजासहजी नको तो भाग विकत नाही.

पुन्हा तुंबू नये म्हणून

गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि वाटीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवा. कॉक बंद करायची सोय नसेल तर तळाच्या स्क्रूने वाटी रिकामी करा. वाटी कोरडी राहिली तर डिंक कशाचा होणार? नाहीतर आठवड्यातून एकदा गाडी तीन-चार किलोमीटर फिरवून आणा. गाडी सावलीत ठेवा. ताडपत्री घाला, पण खालून हवा खेळू द्या.

विचार करा, उत्तर द्या

1. वाटीतले पेट्रोल बाटलीत काढून पाच मिनिटे का ठेवायचे?
2. जेटमध्ये सुई का घालू नये?
3. पेट्रोलच्या आगीवर पाणी का टाकू नये?
4. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगणात एखादी गाडी उभी आहे का? ती किती दिवसांपासून उभी आहे? तिच्या वाटीत आज काय असेल, ते चार ओळींत लिहा.